अकरा सेकंदांचं मौन

पुराव्यावाचून मी काही मानत नाही, हे तुम्ही सगळे जाणताच. म्हणून माझ्याविरुद्धचा हा पुरावा मीच सादर करते.

माझ्या आवडत्या गायिकेच्या एका जुन्या मैफलीच्या ध्वनिमुद्रणात, मारवा रंगलेला असताना, त्या अचानक थांबतात. अकरा सेकंद फक्त तानपुरे आणि ठेका. बाबा गेले त्या वर्षी मी ते रोज ऐकत असे, आणि रडू यायचं ते नेमकं तिथेच. दुःखाच्या टोकाला सूरही मौन पत्करतो, असा सिद्धांत मी त्यावर उभारला आणि महाविद्यालयात विद्यार्थ्यांनाही ऐकवला.

गेल्या महिन्यात मुलुंडला त्यांचं गाणं झालं. नंतर माझी मैत्रीण नीता मला ओढतच ग्रीनरूममध्ये घेऊन गेली. मी माझा सिद्धांत सविस्तर मांडला. बाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला.

"कुठली गं ती मैफल? घाटकोपरची?"

"हो, तीच."

"अगं, ठसका लागला होता मला! तोंडातली लवंग घशात गेली."

बाहेर येताच नीता म्हणाली, "वाट लागली यार, तुझ्या सिद्धांताची!"

घरी येऊन मी ध्वनिमुद्रण पुन्हा, अत्यंत चिकित्सकपणे, ऐकलं. दाबलेला खोकला स्पष्ट ऐकू येतो. पाण्याचा पेला खाली ठेवल्याचाही आवाज आहे. मग त्यांनी गळा सावरून पुन्हा सूर लावला.

तेवढ्यात नीताचा फोन आला. "काय गं, आता तरी रडू थांबलं ना?"

"निष्कर्ष कायम आहे," मी नाक पुसत म्हटलं, "फक्त कारणाच्या जागी लवंग लिही."