शाफ्टवरच्या खुणा

—नाही हो सुखदेवभाऊ, बसत नाही म्हणजे नाहीच बसत, मी काय खोटं सांगायला ऑटोचे धक्के खात इथवर आले? पूर्वीनेच पाठवलं. म्हणाली, आई, काकांनी केलेली फ्लँजची चकती बसत नाही, परत देऊन ये, आणि घाई नाही म्हणावं, सावकाश करा — हो, असंच म्हणाली, सावकाश. तिला वेळ कुठे? रिटायर्ड आईला दुसरं काय काम? — हे काय काढलंत तुम्ही? अच्छा, तिनेच आणून दिलेला पुठ्ठा, भोकं आखलेला. बघा की ठेवून. एक भोक जुळलं म्हणजे सगळी जुळतात असं थोडंच — दुसरंही जुळलं का — बरं — चारही. मग उलटी बाजू बघा, शाफ्टकडची. तीही? चलो, ठीक आहे. आणि हे पांढरं — पीठ आहे ते. गव्हाचं. पुसा पुसा, त्याला काय होतंय.

पाणी नको मला. पंखा कशाला लावताय, तुमचे कागद उडतील. बसते ती, सुखदेवभाऊ. बसतच असणार, तुम्ही केलेली. लावून कोणी बघितलीच नाही. परवा तुमचा माणूस घरी देऊन गेला ना, तेव्हा पूर्वी आंघोळीला गेली होती. मी घेतली आणि पिठाच्या डब्यात खाली घातली. तिला सांगितलं, काकांचं काम झालं नाही अजून. तुमच्यावर घातलं मी. वर ती काय म्हणाली ऐका — म्हणाली, काका शब्दाचे पक्के आहेत, काहीतरी अडचण असेल त्यांची. त्या रात्री त्याच डब्यातलं पीठ काढून मी तिला पोळ्या करून घातल्या.

आता आलेच आहे तर एक ऐका माझं. यातलं एक भोक जरा इकडे सरकवून पाडा. एवढंस्सं. किंवा नुसतं म्हणा की मशीन बिघडलंय. पंधरा दिवस, जास्त नको. हसू नका, मला कळतं काय मागतेय ते. मला गाडीतलं काय कळणार, मी फायलींची बाई, पण सहा महिने जेवताना दुसरं काही कानावर नाही. लिलावातली जुनी गाडी घेतली कार्टीने, तिचा तो ट्रान्सफर केस — पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारा डबा हो — तो फुटलेला, मग दुसऱ्याच गाडीचा आणून बसवला, तर त्याची भोकं वेगळी आणि आपल्या शाफ्टची, म्हणजे चाकांकडे जोर नेणाऱ्या दांड्याची, वेगळी. त्या दोघांचं जमवायला तुमची ही फ्लँज. हिच्याशिवाय पुढची चाकं नुसती शोभेची. आणि पुढची चाकं ओढत नसतील तर वरची खिंड चढवत नाही. पंधरा दिवसांत खिंड बर्फाने बंद, की थेट उन्हाळ्यापर्यंत बात संपली. इतका साधा हिशोब आहे माझा.

फिरायला? फिरायला गेली असती तर मी स्वतः चकल्या करून दिल्या असत्या. राहायला चाललीय. वर डोंगरात, लाहौलच्या पलीकडे कुठलंसं गाव, तिथे एक दवाखाना, डॉक्टर म्हणून ही एकटी. गुरुग्रामच्या चांगल्या हॉस्पिटलातली नोकरी सोडून. आणि मी इथे मंडळाच्या गणपतीत आरती झाल्यावर सगळ्यांना सांगून बसलेय — पूर्वी अमेरिकेच्या परीक्षेला बसतेय. का सांगितलं? पूर्वीच्या वर्गातली अक्षता, तिची आई समोर होती, तिच्या जावयाचं कौतुक चाललेलं, माझ्या तोंडून निघून गेलं. ते पूर्वीच्या कानावर आलं. नुसतं म्हणाली, आई, तुला माझी लाज वाटते का गं? मी म्हटलं, छे, बिल्कुल नाही.

तिचाच फोन. वाजू दे. मघाशी तुमच्या दारात आले तेव्हाही आला होता. आज सकाळी ती गाडी घेऊन गुरुग्रामला गेलीय — मागच्या शाफ्टवर चालते ना नुसती, ट्रायलही होईल आणि औषधांचे खोके पण आणेन म्हणाली. येईल आता परत, त्या अरवलीच्या चढ-उताराच्या रस्त्याने. मघाशी म्हणत होती, आई, गाडी जरा थरथरतेय, वेग घेतला की जास्त, घरी येऊन बघते — बघा, वाजायचा थांबला. काही विशेष असतं तर वाजवत राहिली असती.

थरथरते म्हणजे — कशी म्हणजे? मला काय माहीत. मागचा शाफ्ट? तो तिने स्वतःच साफ करून बसवला काल. हो, खुणा जुळवूनच बसवला. त्याचे दोन तुकडे दातांनी एकमेकांत बसतात ना, सोडवताना त्या दोन्हींवर पांढऱ्या पेंटचा ठिपका दिला होता तिने, दिवा धरायला मीच होते. म्हणाली, आई, हा ठिपका आणि तो ठिपका समोरासमोर आला पाहिजे, नाहीतर सगळं बिनसतं. मग तुकडे बाल्कनीत वर्तमानपत्रावर — असे का बघताय माझ्याकडे?

एकच पुसला. नेलपॉलिश काढायच्या पाण्याने पुसला आणि तिच्याच डबीतल्या पेंटने थोडा बाजूला काढला. दोनच दात सरकवला असेल. अख्खी नोकरी झाली सुखदेवभाऊ, कागदावरची एक तारीख इकडची तिकडे केली नाही कधी, आणि पोटच्या पोरीची खूण — मला वाटलं गाडी थोडी हलेल, ती वैतागेल, म्हणेल हे काही जमत नाही, राहू दे या वर्षी. बस्स. हे गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये होतो तेव्हा शाळेतून येताना माझी ओढणी धरून चालायची ती, बाजारातल्या गर्दीत हरवू नये म्हणून. आता मी तिची धरायला गेले. आणि तिथे वर बाळंतिणीला पाठीवर घालून आणतात म्हणे, गाडी नाही म्हणून. ते सगळं ठाऊक असून मी ठिपका सरकवला. लाज वाटते हो. तुमच्याकडे बघवत नाही मला.

काय? निखळतो? — चालत्या गाडीत? — सांध्यातला क्रॉस तुटून शाफ्ट खाली रस्त्यावर पडतो म्हणजे — आणि गाडी भरलेली असेल तर? आणि उतार असेल तर? हे तिने नाही सांगितलं मला. ती नुसती बिनसतं म्हणाली. मला बिनसणं म्हणजे — हो, हो, लावते. चष्मा कुठे — नको, तुम्ही नका बोलू, तुमच्या तोंडून तिने हे ऐकायला नको. मीच बोलते. हे बघा, तीच करतेय पुन्हा.

हॅलो. पूर्वी, कुठे आहेस तू? — ते राहू दे. गाडी आधी बाजूला घे. — आधी घे, मग विचार. — घेतलीस? इंजिन बंद केलंस? खाली उतर बाळा, गाडीपासून लांब उभी राहा. — उतरलीस ना? — नाही, मी बरी आहे, मला काही झालेलं नाही. सुखदेवकाकांच्या दुकानात आहे. फ्लँजही इथेच आहे. — सांगते. थांब एक मिनिट, सगळं सांगते.

सुखदेवभाऊ, तुमचं ते मशीन चालू करा जरा. हो, आत्ता. पुढचं तुम्ही ऐकू नका.