रानजायफळाचे गुडघे

मंडळी, मनापासून सेवा करावी, आणि ज्याची सेवा केली तेच वाळत जावं, तर चूक कुणाची? सेवेची, की देवाची? पोथ्या पुष्कळ चाळल्या, उत्तर काही हाती लागलं नाही. म्हणून गोष्टच सांगतो. ऐका!

सह्याद्रीच्या पायथ्याला एक देवराई. मधोमध बारमाही पाणथळ, त्यात रानजायफळाची उंच झाडं. त्यांची मुळं कशी? चिखलातून वर येतात, वाकतात, पुन्हा चिखलात शिरतात. जणू म्हातारे गुडघे वर करून बसलेत — आत्ता तुम्ही बसलात तसेच!

थोरल्या झाडाखाली देवाची शिळा. पूजेचा मान यंदा सगुण गवसाकडे आला. हा पोफळीच्या बागेतला माणूस. पोफळीचं मूळ उघडं पडलं की मातीची भर घालायची, हे त्याच्या हाताला ठाऊक. ते गुडघे बघून त्याचा जीव कळवळला. अरेरे, देवाचं झाड उघडं पडलं! रोज टोपलीभर माती आणून त्यानं ते लिंपायला घेतले.

आणि झाड पिवळं पडायला लागलं.

सगुण गोंधळला. गावात कुजबुज सुरू झाली, की याचा हात देवाला चालत नाही, मान काढून घ्या. त्यानं गुरवाकरवी शिळेला पाकळ्या लावून कौल मागितला : देवा, माझी सेवा पुरते का? डावी पाकळी पडली. म्हणजे नाही! मग काय, तो दोन टोपल्या घालू लागला. झाड आणखी वाळलं. देव खोटं बोलला? छे! की विचारलं तेवढंच सांगितलं? मला अजून नीट उमगलेलं नाही, मंडळी.

एका सकाळी टोपलीसकट त्याचा पाय घसरला. पडला तो तोंडावर, चिखलात. बायको शेवंतीनं ओढून काढलं, नाक पुसलं. म्हणाली, "वायच चिखल नाकात गेलो, तर केवढो जीव घाबरलो तुमचो!"

सगुणनं लिंपलेल्या गुडघ्यांकडे पाहिलं. बोटानं एकावरची माती खरवडली. मग हळूच म्हणाला, "शेवंते, हे गुडघे नाय गे. झाडाचा नाक आसा ह्या."

दोघांनी हातांनी माती उपसली. निम्मं झाड पालवलं. निम्मं वाळलं ते वाळलंच. मान सगुणकडेच राहिला. पण आता तो शिळेवर एक फूल वाहतो आणि रिकाम्या हातानं नुसता बसून राहतो. त्याला ते फार जड जातं.

तर मंडळी, घरी ज्याच्यावर तुमची फार माया आहे — नातू असेल, सून असेल — त्याच्यापाशी आज रिकाम्या हातानं बसा. त्याला श्वास घेता येतोय का, ऐका. देवाचं नाव घ्यायचं ते त्यानंतर.