टेबलावरची डबी

हॅलो?… हॅलो, ताई? हो, मीच… नाही गं, सर्दी नाही. रडले जरा… नाही नाही, ठमी मजेत आहे. मांडीवर पडून पायमोजा चघळतेय. मलाच झालंय काय ते.

अगं ऐक ना, तुझी ती मालिका… तीच, ब्रिटिश, ऑफिसवाली. तिनं माझं वाटोळं केलं.

हो, आवडली! आवडली म्हणूनच तर. पाच महिने हिला पाजताना दुसरं काय बघितलं मी?… काय आवडलं म्हणजे? अगं, मागे हसण्याचे आवाजच नाहीत त्यात. तो साहेब विनोद करतो आणि खोलीत नुसती शांतता. मग तो एकेकाच्या तोंडाकडे बघतो, हसलं का कुणी… तिथे मी दरवेळी उशीत तोंड खुपसते. आणि तरी पुढचा भाग लावते. लाज दुसऱ्याची आणि आपण पांघरुणात. फार सुख असतं गं त्यात.

सांगते, सांगते. मधे मधे बोलू नकोस.

आमचे साहेब आठवतात ना?… तेच, जिन्याच्या विनोदाचे. लिफ्टदुरुस्तीची कंपनी आणि आमच्याच इमारतीला लिफ्ट नाही. रोज चहाच्या वेळी, "आपल्या जिन्याला एकदा तरी सुट्टी द्यायला हवी हं!" आणि मग बघणार. सगळ्यांकडे. शेवटी माझ्याकडे, कारण मी आपली थोडं हसते.

तर ठमीला मी त्यांच्याच केबिनमध्ये निजवते… अगं, सांगितलं होतं की तुला! कामावर परत आले तेव्हा त्यांनीच दिली. स्वतः बाहेर झेरॉक्सच्या मशीनशेजारी बसतात, फायली मांडीवर घेऊन. हिची टोपलीसुद्धा रोज तेच चढवतात, तीन मजले… हो ना. म्हणूनच तर मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

अगं, तो बेबी मॉनिटर. बाळाजवळ डबा आणि बाहेर माझ्या टेबलावर डबी. ही जरा कुरकुरली तरी ऐकू यावं म्हणून आवाज कायम मोठा… हो, हस. मोजते मी तिचे श्वास. तर आज ही उठली, मी पाजायला आत आले, आणि डबी… हो! टेबलावर तशीच. चालू!

आणि मी हिला हसवत होते. त्यांची नक्कल करून. "सुट्टी द्यायला हवी हं!" आणि मग मान वळवून वळवून, "कुणी हसलं? तू हसलीस? तूही नाही?"… थांब, पुढे ऐक. वर मी म्हणाले, "ठमे, मालिका कशाला बघायची, आपल्याकडे रोजच चालू असते."

सगळ्यांनी ऐकलं. सहाच्या सहा टेबलांनी. एक गिऱ्हाईक बाई तिकडे कुठल्याशा लिफ्टमध्ये अडकून फोनवर तक्रार सांगत होती, तिनंही ऐकलं असेल.

नाही ना हसलं कुणी! मी बाहेर आले तर तीच शांतता. मालिकेतली. फक्त या वेळी उशी नव्हती.

साहेब?… मशीनपाशी उभे होते, हातात कोरा कागद. मग चहा आला. त्यांनी प्यायला, कप ठेवला आणि वळले. जिन्याचं नाव नाही काढलं, ताई. दोन वर्षांत पहिल्यांदा.

केबिन काढून घेतली तर?… घेऊ देत. म्हणजे, घेऊ देत कसं म्हणू, हिला कुठे ठेवू?… पण ते नाही गं. त्यांना काय हवं असतं ते मला कळत होतं, हेच वाईट आहे. त्या मालिकेतल्या साहेबासाठी मला शेवटी शेवटी रडू यायचं. पडद्यावरच्या माणसासाठी! आपल्यालाही चारचौघांत धरावं, एवढंच हवं असतं त्याला. आणि इथे जिवंत माणूस माझ्या मुलीची टोपली उचलून धापा टाकतोय, तर मी त्याची…

मागायचीच आहे माफी. कशी मागू? अर्धा तास झाला, परत केबिनमध्ये येऊन बसलेय. ठमी झोपली बघ बोलता बोलता.

नाही, आता नाही ऐकू जात बाहेर. डबीचे सेल संपलेत. शेजारच्या टेबलावरची सांगत होती, माझं ते शेवटचं वाक्य झालं, डबी खरखरली आणि गप्प. एक वाक्य आधी संपले असते तर काय बिघडलं असतं…

थांब. दार वाजलं.

या ना, साहेब… नाही, झोपलीय, या… ही? हो, माझीच डबी… सेल? तुम्ही घातलेत?… भिंतीवरच्या घड्याळाचे काढून?… बाळ उठलं तर मला कळावं म्हणून…

ताई… हिरवा दिवा लागलाय. मी कुजबुजतेय आणि माझंच बोलणं त्यांच्या हातातून बाहेर पडतंय.

साहेब… कुठपासून ऐकलंत?… "धापा"पासून.

नाही नाही, तशा नाही टाकत तुम्ही… बरं. टाकता. थोड्या. दुसऱ्या मजल्यानंतर.

साहेब, माझं चुकलं. ते आधीचं, नक्कल… नाही, बोलू द्या मला. तुमच्याच खोलीत बसून… काय म्हणालात?… धापा कोण टाकतो? जिना?

ताई, त्यांनी विनोद केला. जिन्याचाच. आणि आता बघतायत. माझ्याकडे… नाही गं, कसं हसू, डोळेच भरून आलेत… खोटं नको, त्यांना कळतं… ठेव. ठेव तू फोन.

साहेब, परत सांगा ना. पहिल्यापासून.