पाऊण इंच

तो नाही, तुझा हा. तो खुंटीवरचा राखाडी राहू दे तिथेच — विकायचा नाही, भाड्याने द्यायचा नाही, कुणी हातही लावायचा नाही. कापड चांगलं आहे हे मलाही कळतं, पन्नास वर्षं कात्री चालवतोय. ये, या खोक्यावर उभा राहा. आरशाकडे तोंड. हात सोड — सोड म्हणतो ना, कवायतीला आलायस का? हं. कमरेत ढगळ झालाय. मागच्या खेपेला मीच सैल केला होता, तेव्हा तू औषधांच्या कंपनीत लागणार होतास, गावोगाव फिरणार होतास. त्याआधी बँक — त्यासाठी तर हा शिवलाच. आणि मधे ते काय शिकत होतास, लोकांच्या घरांची आतून सजावट? दोन वर्षांत एकच कोट तिसऱ्यांदा माझ्याकडे येतोय, आतला माणूस मात्र दर वेळी निराळा. काय? नक्की काय करायचं ते ठरत नाही? कळलं रे बाबा, आल्यापासून तेच चाललंय तुझं. नोकरी मिळाली तर भीती, नाही मिळाली तर लाज. पोट आत घेऊ नकोस, उद्या मुलाखतीत काय पोट आत घेऊन बसणार आहेस? टाचणी लागेल.

मला तर कुणी विचारलंच नव्हतं. अकराव्या वर्षी बापाने शाळेतून उठवलं आणि मशीनसमोर बसवलं, पाय खाली पोचेनात तर पायांखाली दोन विटा ठेवल्या — झालं ठरवणं. तेव्हा ही रडगाणी मी एरवी ऐकून घेत नाही. आज ऐकतोय, कारण आज मी खुशीत आहे. का, ते विचार. नको विचारूस, सांगतोच.

आज सकाळी एक कोट गेला इथून. एका साहेबाचा. उद्या त्याच्या कंपनीला पंचवीस वर्षं होतायत — भाषणं, फोटो, सगळा थाट. हा साहेब ट्रायलला कधी येत नाही बरं का. तीस वर्षांपूर्वी एकदा मापं दिली, तेवढीच. ड्रायव्हर कापड आणतो, ड्रायव्हर कोट नेतो. म्हणतो कसा, माझं अंग बदलत नाही. नाही बदलत, खरंय. पण कसं आहे ते माहितेय कुणाला? पहिल्यांदा टेप लावली तेव्हा मीच चपापलो. डावा खांदा पाऊण इंच खाली. नुसता उभा राहिला तरी माणूस कलंडलेला दिसतो, कपाटाचा एक पाय तुटावा तसा. डाव्या खांद्यात गादी भरली, अस्तराखाली, थरावर थर — बाहेरून बोट फिरवलं तरी कळायचं नाही. तीस वर्षं हा माणूस ताठ चालतोय तो माझ्या गादीवर. त्याच्या बायकोला ठाऊक असेल. आणि मला.

या वेळी गादी घातली नाही.

हसू नकोस, टाचण्या आहेत अंगात. नुसती काढली नाही, उजवीकडे भरली. उद्या सकाळी घालेल, आरशात बघेल, आणि तोवर फोटोवाला दारात असेल. जुना घालायचा म्हटलं तर जुन्यांतले घालण्याजोगे तीनही इथे माझ्याकडे आहेत, अस्तर बदलायला. मीच मागवून घेतले, मुद्दाम. सहा वर्षं वाट बघितली या दिवसाची. सहा वर्षांत अकरा कोट शिवले त्याला, एका टाक्यात राग दिसू दिला नाही.

का म्हणजे? माझ्या पोराला कोट काढायला लावला त्याने. हो, पोरगा आहे मला, तुझ्याहून थोडा मोठा. तुझ्यासारखाच शिकून घरात बसला होता, आज हे, उद्या ते. साहेबाकडे जागा निघाली, मीच अर्ज टाकायला लावला. मुलाखतीला चौघं बसलेले, हा आत गेला, आणि साहेब आधी बघतो ते कोटाकडे. म्हणाला, ‘‘हे कापड माझं आहे. काढ.’’ काढला पोराने. म्हणाला, ‘‘घडी घाल आणि घरी ने. वडिलांना सांग, नुसती मापं घ्यायची होती.’’ पोरगा शर्टावर घरी आला, काखेत घडी. कोट त्या खुंटीला लावला. तोच तो, राखाडी. आणि साहेबाची कमाल बघ — पुढच्या महिन्यात ड्रायव्हर नवं कापड घेऊन दारात हजर. दुसऱ्या कुणाला खांदा दाखवायची हिंमत होती का त्याची?

कापड? होतं त्याचंच. मग? साडेतीन मीटर आणायला सांगायचं, तीनात बसवायचं — सगळे शिंपी करतात, माझा बाप करायचा. दोन कोटांतून उरलेलं होतं, बाहीला जोड द्यावा लागला तोही असा दिला की तुला सापडणार नाही. शहरात त्याहून भारी कापड नव्हतं. पोरगा पहिल्यांदा साहेबासमोर जातोय, साहेबासारखाच दिसावा, एवढंच डोक्यात होतं. गिऱ्हाइकाला स्वतःचं कापड ओळखू येतं हे मला, शिंप्याला, सुचू नये? पण म्हणून चारचौघांत — जाऊ दे. वळ. पाठ दाखव.

तुझी मुलाखत कुठे आहे उद्या? पुलापलीकडे. काचेची इमारत? कितव्या मजल्यावर? — थांब, हलू नकोस. चौथा. अकरा वाजता. साहेबाचे फोटो दहाला आहेत, तिथेच.

बघू नकोस असा माझ्याकडे. मला काय माहीत, तू औषधांचं म्हणत होतास. नाही, फोन करणार नाही. कोट परत मागवणार नाही, जुना पाठवणार नाही. सहा वर्षं थांबलोय मी, तुझ्या एका नोकरीपायी सोडून देऊ? तीही तुला हवी का नको ते तुलाच ठाऊक नाही. ऐक, त्यापेक्षा हे ऐक. आत गेलास की त्याच्या खांद्याकडे बघायचं नाही. सकाळपासून आलेला प्रत्येक जण तिथेच बघणार, आणि तो ते मोजत बसलेला असणार. तू डोळ्यांत बघ. न बघणारा एकटा तू असशील. कळलं? एवढंच देतो, यापेक्षा जास्त काही नाही माझ्याकडे. आणि स्वतःचा कोट चाचपू नकोस, कापड तुझंच आहे. हे घे पुडकं — तू पहिल्यांदा हा शिवून घेतलास तेव्हाचे उरलेले तुकडे. चिंधीसुद्धा ठेवून घेत नाही आता कुणाची.

पोरगा? आहे ना, दुसऱ्या शहरात. तयार कपड्यांच्या मोठ्या दुकानात. दिवसभर गिऱ्हाइकांनी उलगडलेल्या शर्टांच्या घड्या घालतो. छान घालतो म्हणतात.

काय? त्याला काय व्हायचं होतं?

हे बघ, तुला काय करायचं — त्याला इथेच बसायचं होतं. झालं समाधान? त्या मशीनवर. काज माझ्यापेक्षा बारीक करायचा बारावीत असताना. मी म्हटलं, ही टेप माझ्या गळ्यात संपली पाहिजे, तुझ्या गळ्यात नाही. म्हणाला, ‘‘बाबा, मला हेच आवडतं.’’ मी कात्री कुलपात ठेवली आणि अर्ज पुढे सरकवला. त्या दिवशी मुलाखतीला जायचं नव्हतंच त्याला. बाही मी चढवली, त्याने नुसते हात मागे धरले, असे, तू आत्ता धरलेस तसे —

उतर खाली. कोट काढ. कमरेचं करून ठेवतो, संध्याकाळी घेऊन जा, नाहीतर असाच ने, मला काय. दार लोटून घे.