ताकदीच्या गोळ्या

नातवाच्या बारशाला हुमनाबादला निघालेली चंद्रम्मा भालकीच्या अड्ड्यावर मोटारीत बसली होती. खाली एक फेरीवाला ड्रायव्हर गुरप्पाला डबी दाखवत होता.

"अण्णा, पेट्रोलच्या टाकीत चार गोळ्या टाका. मोटार घोड्यावानी पळंल."

"ह्याला डांबरगोळीचा वास कामून यायलाय?"

"त्यो ताकदीचा वास हाय."

"इंजिन फुटलं तर?"

"न्हाई फुटत. हैदराबादेत समद्या मोटारी ह्याच्यावरच पळायल्यात."

"व्हय? मग टाका."

फेरीवाल्यानं गोळ्या टाकल्या आणि पेटी खांद्यावर घेतली.

"तुमाला बी हुमनाबादलाच जायचंय न्हवं? बसा की. तिकीट माफ."

"नगं अण्णा. मी बैलगाडीनं जातो."

चंद्रम्मा गाठोडं काखेत मारून खाली उतरली आणि त्याच्या मागं धावली.

"अप्पा, थांबा की! गाडीत अजून एक बाई मावंल का?"