चार नंबरच्या विहिरीची बातमी

अर्विन: म्हणजे पेपर बंद? अगं, मंगळवारी तर म्हणत होतीस, या आठवड्यात नक्की छापते म्हणून!

लिओना: मंगळवारी मलाही तसंच वाटत होतं, अर्विन. बस जरा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय निखळलाय. इकडे खोक्यावर बस.

अर्विन: मी बसायला आलेलो नाही. माझ्या वह्यांचं काय ते सांग. नगरपालिकेच्या पाणीखात्यात एकवीस वर्षं काढली मी, साधा पानासुद्धा कधी घरी नेला नाही. आणि पाण्याच्या तपासणीच्या त्या वह्या जेवणाच्या डब्याखाली लपवून बाहेर काढल्या. तुझ्यासाठी.

लिओना: वह्या सुखरूप आहेत. त्या खिडकीपाशी.

अर्विन: सुखरूप आहेत म्हणे! माझी नोकरी गेली, नोकरीबरोबर बायकोच्या औषधांचा विमा गेला, आणि वह्या तेवढ्या सुखरूप.

लिओना: बोल. तुझा हक्क आहे.

अर्विन: शाळेपासून तुझं हे असंच. समोरच्याला 'बोल' म्हणायचं आणि आपण भिंतीकडे बघायचं. झालं काय, ते सांगशील का?

लिओना: बुधवारी शिकागोहून फोन आला. फाउंडेशनची ती पेटन. गेल्या वर्षी सेंट वेंडलला आली होती बघ, आपला पेपर कसा चालतो ते बघायला. तुझ्या रीटाने खिमा भरून केलेले बिअरॉक पाव तीन खाल्ले तिने...

अर्विन: चार. वर दोन बांधून नेले.

लिओना: तीच. फोनवर रडत होती बिचारी. म्हणाली, पुढच्या तीन वर्षांचं अनुदान नाही. वरच्यांनी धोरण बदललंय. गावोगावच्या एवढ्याएवढ्याशा पेपरांना आता द्यायचं नाही, सगळ्या राज्याचं मिळून एकच काहीतरी उभारायचं. 'बातम्यांची परिसंस्था' असं नाव आहे त्याला.

अर्विन: म्हणजे काय?

लिओना: मला कळलं असतं तर मी तसाच अर्ज नसता का केला? आणि ऐक, त्यांच्या यंदाच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर माझा फोटो आहे. मागे गव्हाचं कोठार, हातात वही, वाऱ्याने केस उडालेत.

अर्विन: बरी दिसतेस का?

लिओना: म्हातारी दिसते.

अर्विन: हं. बरं, पैसे संपले. पण आज तू आहेस ना इथे? कॉम्प्युटर आहे, बातमी लिहून तयार आहे. दाब ते बटण, आणि मग जा खुशाल घरी.

लिओना: नाही दाबता येत रे. नगरपालिकेच्या वकिलाची नोटीस येऊन पडलीय, छापाल तर कोर्टात खेचू. असल्या खटल्यांसाठी पेपरचा विमा असतो, आणि त्याचा हप्ता अनुदानातूनच जायचा. या वेळचा गेला नाही. आपलं विश्वस्त मंडळ घाबरलं. आज सकाळी त्यांनी वेबसाइटच बंद करून टाकली. मी आत शिरायला गेले, तर पासवर्ड चुकीचा म्हणून मलाच बाहेर ठेवलं. सहा वर्षं मी चालवलेली वेबसाइट!

अर्विन: मग विचिटाला दे कुणाला तरी. मोठा पेपर बघ.

लिओना: दिली. तिथल्या बाईने नीट वाचली, चांगली आहे म्हणाली. पण हा सगळा भाग ती एकटी सांभाळते. ऑगस्टमध्ये येऊन बघते म्हणाली.

अर्विन: ऑगस्ट!

लिओना: मेअखेर न राहवून तू फेसबुकवर टाकलं होतंस ना?

अर्विन: टाकलं की. अकरा जणांना आवडलं, त्यातले चार माझे मेहुणे. आणि खाली मेयर ड्वेनने लिहिलं, 'कामावरून काढलेला माणूस दुसरं काय लिहिणार?' ते दोनशे जणांना आवडलं. वरच्या खात्याला पत्र लिहिलं, तर त्यांनी पाण्याचा नवा नमुना मागवला. नगरपालिकेने काय केलं असेल? दोन नंबरच्या विहिरीवर जाऊन बाटली भरली आणि वर चार नंबरची चिठ्ठी चिकटवली. मला करायला लावायचे तेच. सोड, आण ते खोकं इकडे. कंबर मोडून घेशील.

(खोक्याचा तळ फाटतो. कागद जमिनीवर पसरतात.)

लिओना: राहू दे. राहू दे अर्विन, मी उचलते.

अर्विन: थांब. हीच ना ती? 'चार नंबरच्या विहिरीत मर्यादेच्या दुप्पट नायट्रेट. नगरपालिकेने दोन वर्षं दडवलं.' माझे आकडे आहेत की हे. छापलेत तू! आणि खाली ही सही कुणाची?

लिओना: आपल्या वकिलाची.

अर्विन: 'छापण्यास हरकत नाही.' चौदा मार्च.

लिओना: दे इकडे.

अर्विन: लिओना, आज जूनची सव्वीस आहे. मला काढलं तेव्हा एप्रिलमध्ये मी तुझ्याकडे आलो होतो. तू म्हणालीस, वकील अजून बघतोय.

लिओना: हो.

अर्विन: मे महिन्यातही तेच म्हणालीस.

लिओना: हो, म्हणाले.

अर्विन: तेव्हा विमा होता?

लिओना: होता.

अर्विन: नोटीस आली होती?

लिओना: नव्हती. सगळं होतं तेव्हा, अर्विन. मीच थांबवली.

अर्विन: का?

लिओना: फाउंडेशनची अट होती. गाव जेवढं देईल, तेवढीच भर ते घालणार. गावाने मेअखेर लेखी कबूल केलं, तरच आमच्या अर्जाचा विचार. तू तर बघितलंस, आम्ही केक विकले, चर्चच्या हॉलमध्ये जेवणं घातली. निम्मंसुद्धा जमेना. मग गेलन ओबरहोल्ट स्वतःहून म्हणाला, राहिलेलं मी घालतो. शिकागोचे पैसे आले की माझे घ्या.

अर्विन: ओबरहोल्ट. ज्याच्या तीस हजार गुरांचं शेण मुरून मुरून ती विहीर नासली, तो.

लिओना: तोच. पण त्याने काही मागितलं नाही रे. बातमी कळलीय, असंसुद्धा दाखवलं नाही. माझं मीच ठरवलं. मेअखेर त्याची सही होऊ दे, अनुदान मंजूर होऊ दे, मग छापू. पेपर जगला तर अशा दहा बातम्या छापता येतील.

अर्विन: दहा!

लिओना: असं वाटलं खरं मला. हिशेबी शहाणपणा म्हण. भीती म्हण. सही झाली त्याची, वेळेत झाली. आणि आता शिकागोचे येणार नाहीत, तेव्हा त्यालाही एक डॉलर द्यावा लागणार नाही.

अर्विन: त्याच्या डॉलरचं मला काय सांगतेस? यारेलीचं बाळ कधी निळं पडलं?

लिओना: अकरा मे.

अर्विन: तारीख पाठ आहे तुला.

लिओना: आहे.

अर्विन: आमच्या मागच्या मोकळ्या जागेत हॉस्पिटलचं हेलिकॉप्टर उतरलं होतं. ती पोरगी त्याच नळाच्या पाण्यात दुधाची पावडर कालवून पाजत होती, दर तीन तासांनी. दोन महिन्यांचं लेकरू. ओठ जांभळे, नखं जांभळी. आणि मी तिचा शेजारी! कुंपणापलीकडून रोज हात करायची मला. मी तरी कुठे सांगितलं तिला? तू बजावलं होतंस, छापून येईपर्यंत गप्प बस, नाहीतर ते सावध होतील. बसलो गप्प. म्हटलं, लिओनाला कळतं त्यातलं.

लिओना: कसं आहे बाळ?

अर्विन: वाचलं. विचिटातच असतात, तिच्या बहिणीकडे. मेंदूवर काही परिणाम झालाय का, ते म्हणे मोठं झाल्यावरच कळेल.

लिओना: मी गेले होते हॉस्पिटलला. गाडी लावली, पाऊण तास गाडीतच बसले. मग परत आले.

अर्विन: मला काय सांगतेस ते?

लिओना: दुसऱ्या कुणाला सांगू? नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, तुझा हेतू चांगला होता. त्याच्याशी मी आठवडाभर बोलले नाही.

अर्विन: आता काय करणार आहेस?

लिओना: सालायनाला लेकीकडे जाऊ. तिची मुलं सांभाळीन. पुढच्या सोमवारी नगरपालिकेची सभा आहे ना, त्या सभेला बसणारं आता कुणी नाही. ड्वेन आणि ते चौघं बसतील, हात वर करतील, दिवे घालवून घरी जातील.

अर्विन: वह्या दे माझ्या.

लिओना: घे. काय करणार आहेस त्यांचं?

अर्विन: माहीत नाही.

लिओना: अर्विन, मला शिव्या तरी दे.

अर्विन: त्राण नाही गं माझ्यात. रीटाच्या गोळ्या निम्म्या करून देतोय मी तिला, तिला न सांगता. आधी ते बघायचंय.

लिओना: अरे देवा.

अर्विन: आणि ऐक. यारेलीच्या त्या ट्रेलरच्या घरात दुसरं बिऱ्हाड आलंय गेल्या शनिवारी.

लिओना: इतक्यात? कोण आहेत?

अर्विन: तरुण जोडपं आहे. तो ओबरहोल्टकडेच गुरांवर कामाला लागलाय. तिला सातवा महिना आहे. काल संध्याकाळी गेलो मी त्यांच्याकडे. यावेळी नाही गप्प बसलो. म्हटलं, हे पाणी पिऊ नका, तिला तर अजिबात देऊ नका, आणि बाळ झाल्यावर तर या नळाला हातसुद्धा लावू नका.

लिओना: ऐकलं त्यांनी?

अर्विन: नीट ऐकून घेतलं. मला खुर्ची दिली, तो स्वतः पायरीवर बसला. भला पोरगा आहे. मग म्हणाला, 'घरमालक सांगतो पाणी उत्तम आहे, कामावरचे लोक म्हणतात तुम्हाला काढून टाकलंय. तुम्ही म्हणता ते कुठे छापून आलंय का?'

लिओना: तू काय म्हणालास?

अर्विन: म्हटलं, उद्या येईल.