समजूत घातल्यानंतर महिला परतल्या

...आणि बाकी सगळ्या बातमीवर तेलाचा डाग, पण हे एक वाक्य बघा कसं स्वच्छ राहिलंय, 'अधिकाऱ्यांनी समजूत घातल्यानंतर महिला परतल्या.' तुम्हाला सांगते, फळीवर अंथरलेला कागद हा, डाळीच्या डब्यांखाली इतकी वर्षं गुमान पडलेला, मीच अंथरलेला, तोही पालथा, आणि मला श्रावणाच्या तोंडावर तो बदलायची अवदसा का आठवली?

त्या काळच्या पेपरात समजूत फार घालत हो. संपवाल्यांची घालत, रुसून विहिरीच्या काठावर बसलेल्या सुनेची फौजदार घालत, उपोषणवाल्यांची तर लिंबूपाण्यासकट घालत. पण काय बोलले, समोरच्यानं काय गिळलं, त्याचा एक शब्द नाही. घातली, की माणसं परतली. आमच्या घरात समजूत लेकरांची घालतात, डब्यातला लाडू संपल्यावर...

तर दुष्काळाचं साल. शहर असं वाढत होतं, की पाऊस नाही पण महिन्याला एक नवी कॉलनी, आणि नळ तोच, आठवड्यातून एकदा, करंगळीएवढा. गल्लीतल्या बायका रिकामे हंडे घेऊन पाणीपुरवठ्याच्या कचेरीवर निघाल्या, आणि पुढं कोण, तर मी. मी कोण पुढं जाणारी? पण शेजारच्या सगीराआपा म्हणाल्या, "भाभी, तुम आगे चलो. तुम उपासवाले, झूठ नै बोलते, तुम्हारी सुनेंगे." मागून सारजाबाई, "व्हय, आमी बोललो की भांडण होतंय, तुमी बोललात की आरती होती."

साहेबांनी मला एकटीला आत बोलावलं. "बसा ताई, चहा सांगतो." म्हटलं नको, सोळा सोमवार धरलेत. "अरे वा, आमच्या आईनंही केले होते. उद्यापन कधी?" म्हटलं, पुढच्या सोमवारी. "सोळा मेहुणं जेवायला? मग पाणी लागेल की हो..." आणि किती मायेनं बोलला तो माणूस, की रविवारी दुपारी टँकर तुमच्या फाटकाशी, बाकीच्यांचं आठ दिवसांत बघू, तेवढं बाहेर शांततेनं सांगा. आता माझी वैदेही टायफॉइडमधून उठली ती याच नवसावर, उद्यापन अडलं आणि पोरीला पुन्हा ताप भरला तर? तुम्ही काय केलं असतं?

मी बाहेर आले आणि म्हणाले, "आठ दिवसांत सगळ्यांना मिळणार, साहेबांचा शब्द आहे, चला." एकीनं उलटून विचारलं नाही. रिकामे हंडे तसेच कमरेवर. समजूत घातल्यानंतर महिला परतल्या. साहेबांनी कुठली, मीच घातली, आणि दुसऱ्या दिवशी पेपरनं ती साहेबांच्या नावावर लावली, तेव्हा मला, महादेवा, इतकं हायसं वाटलं.

रविवारी सगीराआपा हंडा घेऊन दारात. भरलेला. पार गावाबाहेर, हर्सूलकडच्या विहिरीवरून, भर उन्हातून आणलेला. "कल तुम्हारे मेहमान प्यासे जाएंगे क्या, भाभी?" आणि तेवढ्यात टँकर गल्लीत वळला. त्यांनी टँकरकडं पाहिलं, हंड्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "अच्छा हुआ," म्हणाल्या, आणि हंडा ठेवून गेल्या. ठेवून गेल्या हो! नेला असता तर मी आज सुखानं झोपले नसते का?

गल्लीत पुढचा टँकर आला तो महिन्यानं. मी त्यानंतर सोळा सोमवार चारदा केले. नवस कशाचा म्हणून कुणी विचारलं, तर म्हणते, असाच.

आज मात्र कागद घेतला आणि तडक सगीराआपांकडं गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. चहा, साहेब, टँकर, सगळं सांगितलं, रडलेसुद्धा. त्यांनी चष्मा वर केला. "मालूम है, भाभी. टँकर देखके उसी दिन सब हंडे लेके तुम्हारे फाटकपे आ रहे थे, सारजाबाई सबसे आगे. मैं मोडपे खडी हुई, बोली, बच्ची की मन्नत है, आज जाने दो."

"आणि मग?"

"मग काय, समजूत घातली. परतल्या." त्यांनी एक खडा बाजूला टाकला. "चुरमा लई चांगला झाला होता बरं तुमच्या उद्यापनाचा."

आता मी माफी कुणाची मागू, सांगा? घरी आले, हा कागद पुन्हा फळीवर अंथरला, या वेळी सुलटा, आणि महादेवापुढं बसले, म्हटलं, तू तरी चार शब्द सुनाव. तर तोही गप्प. त्याचीसुद्धा सगीराआपांनी आधीच समजूत घातलेली दिसते... सहाव्यांदा धरते आता, येत्या सोमवारपासून.